अंथरूण सोडून बाकी सर्व

आमच्या दिंडोशीत न बोलावता येणारे पाहुणे दोन. एक बिबट्या आणि दुसरा मेव्हणा. बिबट्या नॅशनल पार्काच्या बाजूने येतो, रात्री येतो, आवारातले एखादे कुत्रे उचलतो आणि उजाडायच्या आत परत जातो. मेव्हणा विरारहून येतो, रविवारी सकाळी येतो आणि पोह्यांची दुसरी बशी संपली तरी जात नाही. शिवाय बिबट्याला आपली सही नको असते.

मेव्हणा स्वभावाने चांगला आहे, हे इथेच सांगून टाकतो. एक तर ते खरे आहे आणि दुसरे म्हणजे हा लेख सौ. वाचणार आहे.

तर परवाच्या एका रविवारी पोह्यांवरचे खोबरे बाजूला सारत मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक सही हवी होती."

बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पोटात 'एक सही' या शब्दांनी जो गोळा येतो, तो इतरांच्या पोटात 'ऑपरेशन' या शब्दाने येत असावा. मेव्हण्याला पुठ्ठ्याचे खोके बनवायचे यंत्र घ्यायचे होते. यंत्र बावीस लाखांचे. एक बँक (आमची नव्हे) कर्ज द्यायला तयार होती. फक्त तारण हवे होते.

"तुमचं घर आता मोकळंच आहे ना?" मेव्हणा म्हणाला.

मोकळे होते खरे. पंधरा वर्षे आमच्या घराची कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत राहत होती आणि आम्ही घरात राहत होतो. गेल्या वर्षी शेवटचा हप्ता गेला आणि आम्ही एकत्र राहू लागलो. त्या दिवशी सौ.ने कागदपत्रांच्या फायलीला हळदकुंकू वाहिले, वर पेढा ठेवला. माझ्या लग्नात माझेही इतके झाले नव्हते. आता त्या ४२० चौरस फुटांच्या सौभाग्यवतीला मेव्हणा पुन्हा सासरी पाठवायला निघाला होता.

"घर कुठे जातंय, दाजी? घर इथेच राहणार!"

हे मात्र त्याचे शंभर टक्के बरोबर होते. कर्ज बुडाले तर घर कधीच कुठे जात नाही. आतली माणसे जातात.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम वाढला. माझी आई खाटेवर माळ ओढत बसली होती, ती काहीच बोलली नाही. मी "विचार करून सांगतो" म्हणालो. बँकेत आम्ही "साहेब रजेवर आहेत" म्हणतो, त्याचे हे घरगुती रूप.

मेव्हणा गेल्यावर अकरावी कॉमर्समधली कन्या म्हणाली, "बाबा, एवढं काय घाबरता? राहत्या घराला कायदा हात लावू देत नाही. सगळे म्हणतात."

बी.कॉम.ला असताना मर्कंटाइल लॉ हा विषय मी पस्तीस मार्कांनी जिंकला होता. त्यामुळे खात्री करून घ्यायला मी दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेलो. या गृहस्थांवर नियतीने एक क्रूर विनोद केला आहे. उभे आयुष्य ते लोकलला लोंबकळत फोर्टातल्या दिवाणी कोर्टात गेले. ते निवृत्त झाले, आणि मग कोर्टच उठून दिंडोशीला आले! आता शहर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग आमच्या दिंडोशीत बसतो आणि वकीलसाहेब गॅलरीत बसतात.

त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचे एक विटके पुस्तक माझ्या हाती दिले. "१९०८ सालचा कायदा आहे. कलम साठ वाचा. रात्री वाचा, झोप लागते."

मला झोप लागली नाही. वाचकहो, कायद्याच्या पुस्तकात मला कधी माणुसकी सापडेल असे वाटले नव्हते, पण या कलमाला एक परंतुक आहे. ऋणकोचे काय काय जप्त करता येत नाही, त्याची यादी त्यात दिली आहे. पहिल्याच ओळीत ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपल्याकडे सांगतात. ज्याने ते पाहिले नाही, त्याचेही अंथरूण कायदा सोडून देतो. कसे पसरायचे ते आता शिक, म्हणतो.

पुढे धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र. मग कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे. नंतर हिशेबाच्या वह्या. ही सवलत वाचून माझ्यातला कारकून गहिवरला. सगळे गेले तरी किती गेले ते मांडत बसायची सोय कायद्याने ठेवली आहे! प्रॉव्हिडंट फंडाला हात लावता येत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सोडून द्यावे लागतात. जंगम माल जप्त करायला आलेल्या माणसाने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात पाऊल टाकायचे नाही, असेही पुढे एका कलमात आहे. म्हणजे आमच्या दिंडोशीत रात्रपाळीला बिबट्या आणि दिवसपाळीला बेलिफ.

आणि घर? घरही आहे यादीत. मी उठून बसलो. 'शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांच्या मालकीचे व त्यांच्या वहिवाटीतले घर.'

मी पुन्हा वाचले. कारकून कुठेच नव्हता. मी शेतकरी नाही. गॅलरीत तुळस आहे, पण तेवढ्यावर भागणार नाही. मजूर म्हणावे तर युनियनने आम्हाला 'कर्मचारी' करून ठेवलेले. सौ.ला उठवून सांगितले, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "घरगडी चालतो ना? मग एकोणीस वर्षं मी कोण आहे? घर माझ्या नावावर करा आणि मग बघू कोण येतो जप्तीला."

कायद्याचा असा चपखल अर्थ लावणारी व्यक्ती उच्च न्यायालयात असायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी अपील फेटाळले. धनकोंना चकवायला घर दुसऱ्याच्या नावावर केले, तर ते व्यवहार धनकोंना रद्द करून घेता येतात. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ सालचा कायदा तसे सांगतो. घर बायकोच्या नावावर करायची युक्ती सुचलेला मी पहिला नवरा नव्हतो.

मात्र त्यांनी एक गंमत दाखवली. १९७६ साली या यादीत एक नोंद घातली गेली. भाडेनियंत्रण कायद्याखालच्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्कही जप्त करता येत नाही. म्हणजे परळच्या चाळीतली दहा बाय बाराची भाड्याची खोली सुरक्षित आणि घाम गाळून घेतलेला मालकीचा ब्लॉक उघड्यावर! आमचे अण्णा परळला भाडेकरू होते. मी दिंडोशीला मालक झालो. कायद्याच्या हिशेबाने आमच्या घराण्याची ही घसरण आहे.

मग माझ्या अंगात संशोधन संचारले. आमच्या शाखेत एक सरदारजी आहेत. ते चहाच्या वेळी म्हणाले, "हमारे पंजाब में रहने का एक घर छोड़ देते हैं." पुस्तकात पाहिले, तर खरेच. पंजाबने या कलमात आपली एक ओळ घातली आहे. शेतकरी नसलेल्या ऋणकोचेसुद्धा राहते असे एक मुख्य घर जप्तीतून वगळलेले. रात्री भाच्याचा टेक्सासहून फोन आला. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडे १८३९ पासून हा कायदा आहे. शहरात दहा एकरांपर्यंतचं राहतं घर साध्या देणेकऱ्याला घेता येत नाही."

दहा एकर! मी फोन ठेवून भागाकार केला. आमच्या घरासारखी एक हजार सदतीस घरे होतात. एवढे माझे असते तर मी कर्ज काढले असते कशाला?

"आणि गंमत म्हणजे," भाचा पुढे सांगत होता, "१९९७ मध्ये घटना बदलेपर्यंत इथे राहत्या घरावर असलं उचल-कर्ज काढताच येत नव्हतं. घर घ्यायला, दुरुस्तीला वगैरे कर्ज मिळायचं. पण घर झाल्यावर ते गहाण टाकून धंद्यासाठी पैसे उचलतो म्हटलं तर नाही. मालकाची इच्छा असली तरी नाही."

"आणि आता?"

"आता चालतं. पण नवरा-बायको दोघांची संमती लागते."

फोन स्पीकरवर होता. सौ. म्हणाली, "शहाणी माणसं आहेत."

इथे मला पहिल्यांदा या प्रकरणातली मेख कळली. पंजाबचा कायदा, आपला कायदा, सगळ्यांच्या छत्रीला एकच भोक आहे. ज्या कर्जासाठी तुम्ही ते घर स्वतः तारण दिले असेल, त्या कर्जापुरते संरक्षण नाही. २००२ सालचा वसुलीचा कायदा तर तारण घेतलेल्या बँकेला कोर्टाची पायरीही चढायला लावत नाही. साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि पुढच्या कामाला लागायचे. शेतजमीन तेवढी त्यातून वगळली आहे. थोडक्यात, कायदा तुम्हाला सावकारापासून वाचवतो, शेजाऱ्यापासून वाचवतो, वाण्यापासून वाचवतो. मेव्हण्यापासून वाचवत नाही. म्हणजे खरे तर तुमच्या स्वतःच्या पेनापासून.

ही मेख नवी नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांना हवी होती ती खते आणि वह्या. ती त्यांनी जाळली. लोण गावोगाव पसरले, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी एक कायदा आला. खतावर आकडा काहीही असो, मूळ व्यवहार काय होता ते न्यायाधीशाने उकरून पाहावे, असे त्यात होते. शेतकऱ्याची जमीन देण्यापोटी विकता येणार नाही, असेही होते. अपवाद एकच: त्याच कर्जासाठी ती मुद्दाम गहाण दिलेली असेल तर. मग पुढच्या वेळी दारात आलेल्या कुणब्याकडे सावकाराने काय मागितले असेल, हे बँकेतल्या माणसाला विचारायला नको.

आपला मराठी माणूस मुळात ऋणकोच्या बाजूचा. दामदुपटाचा नियम आपल्याकडचा. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. 'धरणे' हा शब्दसुद्धा वसुलीचा. आज मोर्चेवाले सरकारच्या दारात धरणे धरतात, पूर्वी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसायचा. दारात माणूस उपाशी असताना घरात घास कसा घ्यायचा, या लाजेवर वसुली व्हायची. तेव्हा आत बसलेल्याला लाज असायची, हे त्या पद्धतीचे मुख्य भांडवल.

एवढी तयारी करून मी निकालाच्या जवळ आलो होतो. सावकार दुष्ट, ऋणको गरीब, घर पवित्र. कायदा बदलून सगळ्यांचे राहते घर सोडून द्यावे, असे एक पत्र वर्तमानपत्राला लिहायलाही घेतले होते. 'सनविवि' पर्यंत आलो आणि आई बोलली.

आई आठवड्यातून एकदाच बोलते. बाकी वेळ तिची माळ बोलते.

"तुला घड्याळ आठवतं का रे?"

मला आठवत होते. मी सहा वर्षांचा होतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक आमचे अण्णा. पगार बंद, पण पोट चालू. खाली नाक्यावर किराणा दुकानाचे शेठ होते. वर्षभर त्यांनी तांदूळ, तूरडाळ, रॉकेल दिले. वहीत मांडून. मालक-चालक तडजोड होईल, मग द्या, म्हणाले. तडजोड झाली नाही. शेठच्या डोक्यावर घाऊक व्यापाऱ्याचे चढले. शेवटी त्यांनी चाळीतल्या दहा-बारा जणांवर दावे लावले. दोन हजार तीनशे चाळीस रुपयांचा हुकूमनामा आमच्या नावाने झाला आणि एका दुपारी दारात बेलिफ उभा राहिला.

मला त्याचा घामेजलेला शर्ट आणि बगलेतली फाईल आठवते. मी त्याला डॉक्टर समजलो. तो दरवाजातच थांबला. चप्पल काढली. आईने दिलेले पाणी प्यायला, मग यादी करायला बसला. भांडी बघितली, सोडली. अंथरुणांची वळकटी बघितली, सोडली. आईच्या शिलाई मशीनपाशी थांबला. "शिवण तुम्ही करता, बाई? मशीन तुमचं? मग हे तुमच्या पोटाचं हत्यार. हे माझ्या यादीत नाही." त्याने भिंतीवरचे घड्याळ आणि रेडिओ लिहून घेतला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. चाळीतल्या एकाही दारात माणूस उभा नव्हता. सगळी आत होती. आपला नंबर कधी, याचा विचार करत.

ही गोष्ट मी आजवर 'गरिबांवरचा अन्याय' या सदराखाली सांगत आलो होतो. आई म्हणाली, "खोली वाचली आपली. शेठचं दुकान वाचलं का?"

मी गप्प.

"दुकानाच्या माळ्यावर राहायची ती माणसं. पाच जणं. व्यापाऱ्याचं देणं भागवायला त्यानं गाळा विकला. म्हणजे घर आपलं राहिलं आणि त्याचं गेलं. आणि जेवलो होतो आपण."

वाचकहो, सुप्याच्या आगीत हा शेठ कुठे बसतो, ते मला सांगता येईना. कलम साठमध्येही तो सापडेना.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक बाई आल्या. दर तीन महिन्यांनी येतात. मुदत ठेवीचे व्याज जमा झाले का, विचारतात. आकडा सांगितला की मान डोलावतात आणि त्यातून घरभाडे भरतात. मी पंचवीस वर्षे त्यांना व्याज सांगतो आहे. त्यांचे पैसे कुठे असतात, याचा विचार मी त्या दिवशी प्रथमच केला. ते कोणाच्या तरी कर्जात असतात! बँक म्हणजे काही सोन्याचा हंडा नव्हे. अशा बायांची बेरीज म्हणजे बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. शाखांबाहेर उभ्या असलेल्या त्या माणसांपैकी कोणीही कोणाकडे कर्ज मागायला गेले नव्हते. उलट त्यांनी दिले होते. आपण धनको आहोत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

म्हणून वर्तमानपत्राचे पत्र मी फाडले. दुसरेही एक कारण होते. २००८ साली माझ्याकडे काय होते? पगाराची स्लिप आणि दोन जामीनदारांच्या सह्या. एवढ्यावर बँकेने मला घराएवढे पैसे दिले, ते माझ्या टाय बांधण्याच्या पद्धतीवर खूश होऊन नव्हे. हप्ते थकले तर घर घेता येईल म्हणून दिले. माझे घर जाऊ शकत होते, म्हणूनच ते माझे होऊ शकले. उद्या कायद्याने 'राहत्या घराला हात लावायचा नाही, तारण असले तरी नाही' असे ठरवले, तर पहिली पंचाईत शेठ-सावकारांची होणार नाही. माझ्यासारख्या कारकुनांची होईल. त्यांना घरच मिळणार नाही. आमच्या दिंडोशीत नागरी निवाराची वसाहत उभी आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांनी सरकारशी वर्षानुवर्षे भांडून ती साधी घरे उभी केली. छप्पर मिळवायला किती जोडे झिजतात, हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

मग कलम साठ चूक का? तेही म्हणवेना. त्या बेलिफाने मशीन नेले असते तर?

रात्री हाच प्रश्न मी आईला विचारला. म्हणजे मोठ्याने स्वतःशी बोललो आणि ती जागी होती.

"मशीन ठेवलं म्हणून फेडता आलं," ती म्हणाली. "खोली होती म्हणून अण्णांना वॉचमनची नोकरी करता आली. रस्त्यावर गेलो असतो तर शेठचे पैसे कुठून दिले असते? सोडलं ते फेडण्यासाठी सोडलं. बुडवण्यासाठी नाही."

हे मला माहीतच नव्हते. हुकूमनाम्यानंतर घड्याळ-रेडिओ लिलावात गेले. त्याचे कितीसे आले असतील? शेठ मुलुंडला मुलाच्या छोट्या दुकानात बसायला लागले होते. अण्णा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी परळहून मुलुंडला जायचे. कधी वीस रुपये, कधी तीस. मी समजत होतो, ते कुठल्या तरी मंडळाच्या सभेला जातात. १९९१ साली शेवटचे तीस दिले. दुकानात आमचेच घड्याळ टांगलेले असायचे. शेठनेच ते लिलावात घेतले होते. शेवटच्या दिवशी ते काढून शेठ म्हणाले, "ले जाव."

"मग?"

"अण्णा म्हणाले, राहू द्या. ते कोर्टानं तुम्हाला दिलंय."

थोड्या वेळाने माळेचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटले, झाले आठवड्याचे बोलणे. पण त्या आठवड्यात बोनस होता. "तुकोबांनी सावकारीची कागदं इंद्रायणीत सोडली म्हणतात ना," आई म्हणाली, "ती स्वतःच्या वाट्याची. भावाच्या वाट्याची भावाला दिली आधी."

ही कथा मी शाळेपासून ऐकत आलो आहे. खते बुडाली, ऋणको सुटले, आपण टाळ्या वाजवल्या. वाटणीचा भाग माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. तुकोबा धनको होते! त्यांनी सोडले ते स्वतःचे. कान्होबाच्या वाट्याच्या कागदांबाबत त्यांनी भूतदया दाखवली नाही. आम्ही बाकीचे लोक फार उदार असतो, पण कान्होबाच्या कागदांवर. ठेवीदारांच्या पैशांनी कर्जमाफी, बायकोच्या छपरावर मेव्हण्याचे यंत्र, आईच्या खाटेवर माझी सही.

कारण घर माझ्या नावावर आहे, एवढ्यावरून ते माझे एकट्याचे होत नाही. सही माझी लागते. पण साठ दिवसांची नोटीस आली, तर आईला खाटेवरून उठवावे लागेल, कन्येला परीक्षेच्या टेबलावरून आणि सौ.ला तुळशीपासून. त्यांनी कशावरच सही केलेली नसते. १९०८ च्या कायद्याने अंथरुणाबरोबर 'त्याच्या बायकोचे आणि मुलांचे' हे शब्द घातले, ते बहुधा याच हिशेबाने. कायद्याला जेवढे सुचले तेवढे त्याने केले. उरलेले परंतुक ज्याचे त्याने आपल्या घरात लिहायचे.

पुढच्या रविवारी मेव्हणा आला. पोहे झाले. मी म्हणालो, "सही देणार नाही."

त्याचा चेहरा पडला. तो माझ्याकडे न पाहता ताईकडे पाहू लागला. ताई भांड्यांकडे.

"पण ऐक," मी म्हणालो. "स्वयंपाकघर नवं करायला तीन लाखांची मुदत ठेव ठेवली आहे. ती मोडतो. तेवढे माझे आहेत, म्हणजे आमच्या दोघांचे. रात्री बोलून झालंय. नवं यंत्र येणार नाही, जुनं मिळेल. फेडलेस तर उत्तम. नाही जमलं तर तुझी चिठ्ठी मी इंद्रायणीत सोडीन."

"दिंडोशीत इंद्रायणी कुठे, बाबा?" कन्या म्हणाली. "ओशिवरा आहे. तिलाही सगळे नाला म्हणतात."

मेव्हणा हसला नाही. थोडा वेळ बशीतल्या शेवटच्या शेंगदाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, बुडवणार नाही." अण्णांच्या पहिल्या रविवारांबद्दल आईने त्याला काही सांगितले होते की काय, मला माहीत नाही. पण गेले चार महिने दर पहिल्या रविवारी तो येतो आहे, पाच हजार देतो आहे आणि दोन बशा पोहे खातो आहे. पोह्यांचा खर्च मी हिशेबाच्या वहीत लिहीत नाही, जरी त्या वहीला जप्तीपासून संरक्षण असले तरी.

घराची कागदपत्रे लॉकरमध्ये ठेवावीत असे मी म्हणत होतो. सौ.ने ती आईच्या गादीखाली ठेवली आहेत. "अंथरुणाला हात लावता येत नाही ना? तुम्हीच वाचून दाखवलंत," ती म्हणाली. अंथरुणाखालच्या कागदांना ते कलम लागू होत नाही, हे मी तिला सांगणार होतो. पण त्या गादीवर आई झोपते. तिला उठवून खालचा कागद काढायची छाती बेलिफाला होणार नाही, मेव्हण्याला होणार नाही, आणि मला तर नाहीच नाही.